ॲल्युमिनियमला गंज चढत नाही

मला घरात स्वस्थ बसणं जमत नाही. कौंटीच्या कचेरीत मी दिवसभर लोकांच्या गाड्यांना नंबराच्या पाट्या देतो, आणि प्रत्येक पाटी देताना मनात येतं, ही आता कुठे कुठे हिंडेल. (मी मात्र नेब्रास्कातच. चारी बाजूंनी मका.) त्यामुळे क्राउसबाईंच्या कोठारामागे उभा असलेला ॲल्युमिनियमचा जुना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, मी विकत घेतला, यात माझा फारसा दोष नाही. मी तिथे खरं तर अंडी आणायला गेलो होतो.

तो चंदेरी, गोलमटोल ट्रेलर ओढत मी अंगणात आणला, तेव्हा माझी बायको आर्डिथ पायरीवर उभी होती.

"हे काय आहे?"

"ट्रेलर."

"ते दिसतंय. अंडी कुठायत?"

लग्न झाल्यापासून आम्ही पश्चिमेला गेलो ते तिच्या आईच्या शेतापर्यंत. त्यापलीकडे वायोमिंगचे डोंगर आहेत असं आम्ही ऐकून होतो. आर्डिथ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर शिवणयंत्रावर पिवळं कापड होतं आणि ती ट्रेलरच्या खिडक्यांचे पडदे शिवत होती. मी काही बोललो नाही. (असं शहाणपण मला क्वचितच सुचतं.)

मग माझा मेव्हणा ड्वेन आला. त्याच्याकडे फायबरचा नवाकोरा चौकोनी ट्रेलर आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या ट्रेलरबद्दल बोलायचा हक्क आपलाच, अशी त्याची समजूत आहे. त्याने भोवती एक फेरी मारली आणि बोटाने पत्रा वाजवून पाहिला.

"दाजी, तुम्ही चाकं लावलेला डबा आणलाय."

"ॲल्युमिनियम आहे. गंज चढत नाही," मी म्हणालो. "वजनाला हलका. गोल आहे म्हणून वारा अडत नाही. आपल्या वयाचे ट्रेलर अजून रस्त्यावर धावतायत."

"आपल्या वयाची माणसंही धावतात. कशी धावतात ते पाहिलंय ना? एकदा गारा पडू देत. एवढाले पोचे पडतील, आणि पोचा ठोकून निघत नाही, अख्खा पत्रा बदलावा लागतो. उन्हात आत भट्टी. थंडीत आतून भिंतींना घाम."

"पण टिकतो की नाही?"

"पत्रा टिकतो, दाजी. आतलं कुजतं. रिव्हेटच्या भोकांतून पाणी शिरतं आणि खालची लाकडी जमीन खातं. वरून बघावं तर चकाचक."

"तू जळतोस," मी म्हणालो.

आर्डिथ पडद्याला दोरा ओवत ऐकत होती. "माझी रजा मंजूर झालीय," ती म्हणाली. "पण आत एक थेंब जरी गळला तरी मी यातून जाणार नाही. पाणी मारून बघू."

शनिवारी दुपारी परीक्षा झाली. आर्डिथ बाहेर शिडीवर बागेचा पाइप घेऊन, ड्वेन शिडी धरून, आणि मी आत बॅटरी घेऊन. दार लावलेलं. टपावर पाणी पडलं आणि पत्र्याच्या पिंपात कुणी गोट्या ओतल्यासारखा आवाज सुरू झाला.

"गळतंय का?" वरून आर्डिथ.

"नाही," मी म्हणालो.

(गळत होतं. खिडकीच्या वरून बारीक धार लागली होती. मी तिथे टोपी दाबून धरली. मग दुसऱ्या खिडकीवरून लागली. तिथे कोपर लावलं.)

तिसरी धार लागली तेव्हा माझ्याकडे लावायला अवयव उरला नव्हता.

"पुरे," मी ओरडलो.

"पुढे? बरं." आणि पाणी पुढे सरकलं, नेमकं माझ्या डोक्यावर.

"बास. बास म्हणतोय."

"वास? कसला वास?"

खाली ड्वेनला एवढंच ऐकू आलं. "गॅसचा असेल," तो म्हणाला. "सिलिंडर जुना आहे." त्याने शिडी सोडली. आर्डिथने पाइप टाकला आणि दोन्ही हातांनी पत्रा बडवायला लागली. "डेलमार, बाहेर ये. गॅस आहे. बाहेर ये."

आता बाहेरची दोन माणसं गॅस म्हणतायत म्हटल्यावर गॅस असणारच. माझ्याच तोंडचा शब्द फिरून माझ्याकडे आलाय, हे त्या घाईत कुणाला कळणार? मी दाराकडे झेप घेतली. दारापाशीची जमीन ओल्या केकसारखी होती. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला.

मग ट्रेलरखालून ड्वेनचा आवाज आला. "दाजी, तुमचा बूट इकडे बाहेर आलाय."

"त्यात पाय आहे."

"असं होय. तरीच ओढून येत नाही."

आर्डिथने दार उघडलं. मी निम्मा आत, निम्मा नेब्रास्काच्या मातीला टेकलेला. तिने माझ्याकडे पाहिलं, भिजलेल्या पिवळ्या पडद्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा पडला की मला पायाचं दुखणं आठवेना. "नाहीच जायचं आपण," ती हळूच म्हणाली. तिलाही त्या डोंगरांची इतकी ओढ होती, हे मला तेव्हा कळलं.

घोटा मोडला होता. पायाला प्लास्टर बसलं. ट्रेलरच्या पत्र्यावर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

पुढची कामं आर्डिथने आणि ड्वेनने केली. कुजकी जमीन उखडून नवी घातली, एकेक रिव्हेट बुजवला. मी झाडाखाली खुर्चीत बसून सूचना देत होतो. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची घराच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. पुन्हा पाणी मारलं. एक थेंब आला नाही. पण रजेची तारीख काही माझ्या घोट्यासाठी थांबेना. शेवटी आर्डिथ ड्वेनच्या बायकोला, लॅव्हॉनला, घेऊन निघाली. उन्हात चकाकणारा तो ट्रेलर मक्याच्या पलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी खिडकीत कुबड्यांवर उभा होतो. मग सोफ्यावर बसलो. मग उठलो. मग पुन्हा बसलो.

आठवड्याने वायोमिंगहून तिचा फोन आला. डोंगर मोठे आहेत म्हणाली. गारा पडल्या, पोचे पडले, पण आत अगदी कोरडं. रात्री लॅव्हॉन आणि ती पत्ते खेळतात.

मी घसा साफ केला. "माझी आठवण येते का?"

"येते की. रोज सकाळी येते."

मला गलबलून आलं. "सकाळीच का गं?"

"थंडीने दार आखडतं," आर्डिथ म्हणाली. "आतून धडक मारायला कुणीतरी जड माणूस हवा."