ग्लोरियाची व्यसनमुक्ती

व्यसन नेहमी शेजारच्या घरात असतं. आपल्या घरात असते ती सवय.

हे जाणूनच चौऱ्याण्णव साली जपानातल्या उरायासुच्या मराठी महिला मंडळाने ग्लोरियाला सुधारण्याचा ठराव केला. ग्लोरिया पेरू देशातली, जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात पार्टटाइम करणारी. तिला सहावा महिना होता. ती मोठ्याने हसायची, गाणी लावून स्वयंपाक करायची. अर्थात दारू-सिगारेट आलीच, असं अध्यक्षा अरुणाताईंनी शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध केलं. समितीत त्या स्वतः आणि ग्लोरियाच्या समोर राहणारी पद्मिनी. (पद्मिनीलाही पाचवा होता, म्हणून ती विषयतज्ज्ञ.)

ग्लोरियाने मोडक्या जपानीत दोघींचं स्वागत केलं आणि गडद जांभळं पेय पुढे ठेवलं.

"वाइन!" अरुणाताई कुजबुजल्या. पुराव्यादाखल त्यांनी एक घोट घेतला, मग खात्रीसाठी अख्खा ग्लास. (जांभळ्या मक्याचं सरबत निघालं. दुसरा ग्लास त्यांनी निराशेपोटी घेतला.)

"सिगारेट?" पद्मिनीने विचारलं.

"कधीच नाही. नवऱ्यालासुद्धा बाल्कनीत पाठवते."

चौकशी अशी अडलेली असताना पद्मिनीचं डोकं दुखू लागलं. तिने पर्समधली डबी काढली आणि सवयीने दातांवर मिश्री फिरवली.

ग्लोरियाने वास घेतला. "तंबाखू?"

"छे, दातांसाठी असते ही."

"मग बाळाला दात येऊ देत ना आधी," ग्लोरिया म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

पद्मिनी घरी आली. संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "सत्यजित, मिश्री बाळाला बाधते, हे तुला माहीत होतं?"

"तंबाखूच ती. बाधणारच."

"मग बोलला का नाहीस?"

"अगं, आई एवढ्या प्रेमाने पाठवते. कसं बोलणार?"

दुसऱ्या दिवशी पद्मिनीने डॉक्टरांना खरं सांगितलं आणि मिश्री फेकली. (मिश्री जळणाऱ्या कचऱ्यात, डबी न जळणाऱ्या. जपानात पश्चात्तापाचंही वर्गीकरण करावं लागतं.) पुढचे दिवस वाईट गेले. ती रडायची, सत्यजितवर ओरडायची, भांडी आपटायची. ग्लोरिया कारखान्यातून सुटली की तिला खाडीकाठी फिरायला न्यायची आणि तिच्या न कळणाऱ्या मराठी शिव्या शांतपणे ऐकून घ्यायची.

दोघींनाही मुली झाल्या. पद्मिनीची वजनाला हलकी भरली. काही दिवस काचेच्या पेटीत होती. पेटीबाहेर पद्मिनी आणि ग्लोरिया हात धरून उभ्या असायच्या. मग मुलीने असा काही टाहो फोडला की नर्सने हसून तिला घरी सोडलं.

समितीचा अहवाल यथावकाश सादर झाला. ग्लोरिया संपूर्ण व्यसनमुक्त. यश शंभर टक्के. पद्मिनीचा उल्लेख नाही. ती समितीत होती.

या यशानंतर मंडळ आजतागायत थांबलेलं नाही; आता पुन्हा नवा व्यसनी हवा आहे. तुमचं नाव पक्कं झालं आहे. कोणी सुचवलं, ते विचारू नका. जेवायला रोज एकत्र बसता, उगाच वाईटपणा नको.