कुंडी क्रमांक दोन

प्रार्थनेने काही होत नाही, हे मी दहा दिवसांत सिद्ध करणार होतो. संपादकांनी चौकटही छापली होती : 'प्रार्थनेची परीक्षा. निकाल पुढच्या रविवारी.' पंधरा वर्षं मी विज्ञानाचं पान काढतोय. आजवर एकही मुदत चुकलेली नाही.

प्रयोग सोपा होता. दोन सारख्या कुंड्या, प्रत्येकीत घेवड्याच्या बारा बिया, रोज अर्धी वाटी पाणी. पहिलीसाठी सासूबाईंनी प्रार्थना करायची, दुसरीसाठी कुणीच नाही. सासूबाई एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होत्या, आणि रोज मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी डोळे मिटून हात जोडायच्या.

त्यांची एकच अट होती. "नोंदवही मी ठेवणार. आणि जे घडेल ते लिहिणार, जावईबापू."

"खुशाल लिहा."

दुसऱ्या कुंडीजवळून जाताना त्या मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायच्या. चुकून देवाचं नाव मनात यायला नको!

चौथ्या दिवशी पहिल्या कुंडीत दोन कोंब आले. दुसरी माझ्या टकलासारखी. मी गुपचूप अर्धी वाटी पाणी जास्त घातलं. सहाव्या दिवशी तिकडे सात, इकडे शून्य. मी पेलाभर ओतलं.

"कुंडीला आंघोळ घालताय?" बायकोने विचारलं.

"धूळ बसली होती."

आठव्या दिवशी कुंडीला वास यायला लागला. तेवढ्यात संपादकांचा फोन. "पहिल्या पानावर घेतोय. निकाल काय?"

"वर येतोय, साहेब." फोन ठेवून मी कुंडीवर वाकलो, तोंडातल्या तोंडात पुटपुटलो आणि आणखी एक पेला रिकामा केला.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी शरण गेलो. "सासूबाई, तुम्ही जिंकलात. तसंच छापतो."

त्यांनी पेन्सिलीने माती उकरून एक काळी बी बाहेर काढली. "कुजलीये. पाणी फार झालं. यात देवाचा हात नाही, तुमचा आहे. कुजलेल्या बियांवर मला नाही जिंकायचं."

"मग एकतीस वर्षं हात कशासाठी जोडायचात?"

"काचेखाली जे दिसेल ते, मनाविरुद्ध असलं तरी, तसंच लिहायची हिंमत दे म्हणून."

पंधरा वर्षं विज्ञानाचं पान काढलं, आणि आपण अशी हिंमत कधी मागितलीही नव्हती! मग मी छाती काढून संपादकांना कळवलं, सासूबाईंची नोंदवही जशीच्या तशी छापू, एक अक्षर न गाळता.

संपादकांनी होकार दिल्यावर मी ती पहिल्यांदा उघडली. चोरून घातलेला प्रत्येक पेला वेळेसकट तिथे होता. शेवटची नोंद अशी :

'कुंडी दोन, दिवस आठवा. प्रयोग रद्द. कारण : कुंडीसाठी प्रार्थना झाली. शब्द : देवा, एक तरी उगवू दे. प्रार्थना करणारे : जावई. परिणाम : शून्य. मात्र एकाच प्रयत्नावरून निष्कर्ष काढू नये.'

रविवारी छापून आलं. मुदत चुकली नाही.