दोष कॅमेऱ्याचाच!

"हे काय आणलंत?" बायकोने दारातच विचारलं.

"कॅमेरा," चष्मेवाले म्हणाले. ते टेबलापाशी बसून चष्मे पुसायच्या पिवळ्या फडक्याने त्याचं अंग चकचकीत करत होते.

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

"आपला."

बायकोने पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. ती भूलतज्ज्ञ होती. दिवसभर दवाखान्यात लोकांना बेशुद्ध करून घरी यायची आणि घरी आल्यावर नवरा आपल्याला बेशुद्ध करायला टपलेला असतो, असं तिचं मत होतं.

चष्मेवाल्यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं. उभं आयुष्य लोकांच्या डोळ्यांतले दोष शोधण्यात गेल्यामुळे काचेतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. त्या दुपारी जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना हा फिल्मचा कॅमेरा दिसला. तपकिरी चामड्याचं कव्हर, हातात भरेल असं वजन, आणि बटण दाबलं की 'खट्टाक' असा भरदार आवाज. चष्मेवाले तिथेच विरघळले. दुकानदार म्हणाला, "एकदम चालू आहे साहेब." कॅमेरा की दुकानदार, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"फिल्मवर काढलेल्या फोटोत जीव असतो," ते बायकोला सांगू लागले. "मोबाईलचं काय, माणसं शंभर फोटो काढतात आणि एकही बघत नाहीत."

तेवढ्यात आतून सासरे आले. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात काढलेला माणूस; गालावरची रेष कधी हलायची नाही. त्यांनी कॅमेरा उचलला, तळहातावर तोलला आणि खाली ठेवला.

"वजन चांगलंय, जावईबापू. वाऱ्याने दार आपटतं, त्याला लावायला होईल."

दोष कळायला संध्याकाळ पुरली. उजेड मोजायचा काटा मेलेला होता. काच दिव्यासमोर धरली तर आत कोळ्याने घर बांधावं तशी बुरशी पसरलेली.

"तुम्हाला बुरशी दिसली नाही? तुम्हाला?" बायकोचे डोळे विस्फारले.

"दुकानात अंधार होता गं."

आणि बटण. ते कधी दाबल्याबरोबर उडायचं, कधी ढिम्म हलायचं नाही. वैतागून चष्मेवाल्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि सगळे जेवायला बसले. जेवण निम्म्यावर आलं असेल-नसेल, तोच बंद कपाटातून आवाज आला, "खट्टाक!"

बायकोच्या हातून पाण्याचा जग निसटला. सासरे काठी घेऊन उठले. "उंदीर असणार. बाजूला व्हा." त्यांनी काठीच्या टोकाने कपाट उघडलं. आत कॅमेरा शहाण्यासारखा बसला होता.

"मघाशी दाबलेलं बटण आत्ता उडालं," चष्मेवाले अपराधी आवाजात म्हणाले.

"आमच्या खात्यातला दिसतोय," सासरे म्हणाले. "अर्ज दिला की विचार करून काम करतो."

एवढ्यावर एखाद्याने कान पकडले असते. पण चार दिवसांनी चष्मेवाल्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, आणि तो फिल्मवरच टिपायचा असा ध्यास त्यांनी घेतला होता. काच जमेल तेवढी बाहेरून पुसली, नवा रोल भरला, आणि त्या दिवशी दारातच उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल काढून घेतला.

"आज मोबाईलवर एकही फोटो नाही. कुणीही हळूच काढायचा नाही."

दवाखान्यातले मोठे सर्जन आले, त्यांनी मुकाट मोबाईल दिला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालबाई आल्या. दुसऱ्या गावाहून बायकोची आत्या आली, म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. आत्याचा आवाज असा, की ती जिन्यात 'आले गं' म्हणाली की गच्चीवरची कबुतरं उडायची. सासरे जगात फक्त तिला घाबरत.

चष्मेवाले घामाघूम होऊन फोटो काढत सुटले; एकदा बायकोच्या हाती कॅमेरा देऊन स्वतःही उभे राहिले. मधूनच फिल्म पुढे सरकवायची दांडी लोण्यातून सुरी फिरावी तशी मऊ फिरायची. जुन्या वस्तूंची घडणच सुबक, असं त्यांना वाटलं. शेवटी उरलेला एक फोटो म्हणून त्यांनी सगळ्यांना सोफ्यावर आणि सोफ्यामागे दाटीवाटीने बसवलं.

"हसा!"

सासरे सोडून सगळे हसले. बटण उडेना.

"हसा, हसत राहा... एक मिनिट."

"अहो, माझे दात वाळले," आत्या ओरडली. "उडवा लवकर, नाहीतर केक कापा."

बटण काही उडालं नाही. हार खाऊन चष्मेवाल्यांनी कॅमेरा तसाच समोरच्या फळीवर ठेवला, आणि सगळी मंडळी केक कापायला आतल्या खोलीत गेली.

फोटो धुऊन आले त्या दिवशी स्टुडिओवाल्याने पाकीट अशा चेहऱ्याने हातात दिलं, की चष्मेवाल्यांना कुणीतरी गेल्यासारखं वाटलं.

"घरी जाऊन बघा," तो म्हणाला. "आणि बसून बघा."

बायकोने पाकीट उघडलं. पहिल्या फोटोत आत्याच्या पोटात फ्रिज होता, आणि फ्रिजच्या दारात ग्रंथपालबाईंचं डोकं. दुसऱ्यात मोठे सर्जन कमरेपर्यंत स्वतः होते, कमरेखाली चष्मेवाले. तिसऱ्यात स्वतः बायको. तिला तीन हात होते आणि त्यातला एक केकमधून वर येत होता.

"अहो..." तिने फोटो उलटा धरून पाहिला. "पंचवीस वर्षांचा संसार, आणि त्याचा पुरावा हा?"

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती मऊ फिरणारी दांडी त्यांना आठवली. "फिल्म पुढे सरकलीच नाही गं. एकाच जागी दोन-दोन, तीन-तीन फोटो निघालेत."

"आणि मोबाईल तुम्ही सगळ्यांचे काढून घेतलेत!"

"घेतले खरे."

बायको एकेक फोटो टेबलावर आपटत गेली. शेवटच्या फोटोपाशी तिचा हात थांबला. ज्या बाईने आयुष्यात ऑपरेशनच्या टेबलावर काय काय पाहिलं होतं, ती पांढरीफटक पडली.

"हे... हे बघा."

बुरशीमुळे फोटो धुक्यातल्यासारखा आला होता, पण त्यातलं सगळं दिसत होतं. रिकाम्या खोलीत सोफ्यावर सासरे बसले होते. त्यांना खेटून ग्रंथपालबाई बसल्या होत्या. दोघांचे हात एकमेकांत गुंतले होते.

"बाबा हसतायत," बायको पुटपुटली. हात तर हातात होताच, पण तिला खरा धक्का त्या हसण्याचा बसला होता.

चष्मेवाले क्षणभर गारठले. पण लगेच त्यांचा चेहरा उजळला. "अगं, वेडी आहेस का? बाकीच्यांसारखाच हा! एका वेळी बाबा सोफ्यावर बसले असतील, एका वेळी बाई. दोन फोटो पडले एकावर एक. तुझ्या आत्याच्या पोटात खरंच फ्रिज आहे का?"

"नाही," बायको म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला.

"माझ्या पोटात काय आहे?" दारातून आवाज आला. आत्याचा मुक्काम अजून हलला नव्हता. ती आत आली, चष्मा चढवला आणि नेमका वरचाच फोटो उचलला.

घरात जे काही झालं त्याला आरडाओरडा म्हणणं कमीपणाचं ठरेल. आत्या आधी सोफ्यावर बसली. मग हा तोच सोफा आहे हे लक्षात येऊन ताडकन उठली.

"अगं बाई बाई बाई! तुझ्या बापाचा हात बघ कुठे आहे!"

"आत्या, तो कॅमेऱ्याचा दोष आहे," चष्मेवाले म्हणाले.

"कॅमेऱ्याचा? मग कॅमेऱ्याने तुमचा हात का नाही धरायला लावला कुणाला?"

"सर्जनसाहेबांना माझे पाय लावलेत ना..."

"पायांचं सोडा. सिद्ध करून दाखवा. नाहीतर उद्या सकाळी मी ह्याला सामानासकट माझ्या घरी घेऊन जाते. तिथे शेजारी कुणी बाई नाही. एका बाजूला लाकडाची वखार आहे आणि दुसऱ्या बाजूला मी."

आता मात्र चष्मेवाल्यांचं धाबं दणाणलं. सासरे टोमणे मारत, पण त्या घरात चष्मेवाल्यांशी बुद्धिबळ खेळणारा दुसरा कोणी नव्हता. सासरे फिरायला गेले होते. ते यायच्या आत पुरावा आणायला हवा, म्हणून चष्मेवाले फिल्मची पट्टी घेऊन दुकानाकडे पळाले.

दुकानात त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पट्टी दिव्यासमोर धरली. एकावर एक पडलेल्या फोटोंत सगळंच दुहेरी होतं. दोन खिडक्या, दोन पडदे, भिंतीवरच्या एका घड्याळाची दोन घड्याळं. मग त्यांनी शेवटचा फोटो सरकवला. खिडकी एकच होती. पडदाही एक. घड्याळ एक. त्यांनी भिंग बदललं, फडक्याने पुसलं, पुन्हा लावलं. बाईंची बोटं सासऱ्यांच्या अंगठ्यामागे जात होती आणि पलीकडून बाहेर येत होती. दोन फोटो एकावर एक पडले असते तर बोटं अंगठ्यातून आरपार दिसली असती.

त्या कॅमेऱ्याने साऱ्या रोलमध्ये एकच फोटो बिनचूक काढला होता, आणि तो हा होता.

चष्मेवाले मटकन खुर्चीत बसले. सगळे केक कापायला आत गेले तेव्हा हे दोघे सोफ्यावरच मागे राहिले होते, आणि फळीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने बाहेरच्या खोलीत आपलं 'खट्टाक' केलं होतं. समोर डोळे तपासायचा तक्ता होता, त्यातलं सर्वांत वरचं मोठं अक्षरसुद्धा त्यांना दिसेना. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. सासरे हल्ली कादंबऱ्या वाचायचे. परवाच त्यांनी जुनी काळी फ्रेम बदलून घेतली होती, आणि बदलताना म्हणाले होते, "जरा बरी दिसेल अशी द्या." चष्मेवाल्यांना वाटलं होतं, बरं दिसेल असं म्हणतायत. डोळ्यांना!

घरी परतले तर दिवाणखान्यात कोर्ट भरलेलं. मधोमध आत्या. एका बाजूला बायको. फिरून आलेले सासरे दाराजवळ काठी धरून उभे. आणि आत्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत पोचल्यामुळे ग्रंथपालबाईही खाली आलेल्या. सगळ्यांच्या माना चष्मेवाल्यांकडे वळल्या.

चष्मेवाल्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. लाकडाची वखार डोळ्यांपुढे आणली. घसा खाकरला.

"तपासलं," ते म्हणाले. "दोष कॅमेऱ्याचाच. दोन फोटो एकावर एक पडलेत."

बायकोने डोळे मिटून सुस्कारा सोडला. आत्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. "मी म्हणतच होते! ह्या वयात कोण असला वेडेपणा करेल? बाई, तुम्ही मनावर घेऊ नका हो. तुमचा काही संबंधच नाही."

"बरं झालं कळलं," ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "वर्षभर मी उगाच समजत होते, की संबंध आहे. निघते मी."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सासऱ्यांची काठी मात्र पडली आणि ती सगळ्यांनी ऐकली.

"थांब," सासरे म्हणाले. 'थांबा' नाही, 'थांब'. "जावईबापू, उपकार झाले तुमचे, पण कॅमेऱ्यावर आळ नको. फोटो खरा आहे, ताई. आम्ही लग्न करतोय."

बायको खुर्चीत बसली आणि स्वतःची नाडी बघायला लागली. चष्मेवाले पाणी आणायला धावले, पाणी आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. आत्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. बोलायला उघडलेलं आत्याचं तोंड काही न बोलता राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

"बाबा," बायको अखेर म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. रोज ठरवायचो. मग तू दमून यायचीस." सासरे जमिनीकडे बघत होते. "आणि ताईची भीती होतीच."

आत्याने फोटो उचलला. खिडकीशी नेला. जवळ धरला, लांब धरला. मग ती वळली आणि सरळ भावाकडे चालत निघाली. चष्मेवाले नकळत एक पाऊल पुढे सरकले. आत्याचा हात वर गेला. सासऱ्यांनी डोळे मिटले.

आत्याने त्यांच्या शर्टाची उलटी झालेली कॉलर सरळ केली.

"फोटोतपण अशीच आहे," ती म्हणाली. आवाज तिच्या मानाने अगदी हळू होता. "शाळेत जायचा तेव्हापासून हेच. मी आता कुठवर बघू? बाई, ह्यापुढे हे तुमच्याकडे."

ग्रंथपालबाईंनी चपला काढल्या आणि आत आल्या.

"मी रोज सांगते हो," त्या म्हणाल्या. "पण ऐकतील तर शप्पथ!"