एका पांढऱ्या वाईनची चौकशी

आमचे शेजारी निकम अण्णा इटलीहून आलेली वाईन तोंडात घेतात, डोळे मिटतात, गालांत घोळवतात आणि मग गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत थुंकून टाकतात. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हातारा गुळण्या करतोय. माझ्या नवऱ्याला, प्रमोदला, मात्र भलताच आदर वाटला. जाणकार लोक वाईन पीत नाहीत, चाखून थुंकतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. अण्णा वाईनचे मोठे दर्दी आहेत, असं त्याने सोसायटीभर पसरवून टाकलं. दर्दी कसले! सत्तरी येईपर्यंत या गृहस्थाने चहापलीकडे काही घेतलेलं नव्हतं.

अण्णा दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बाग मुलाच्या हवाली करून इथे मखमलाबाद रोडला, लिफ्ट असलेल्या आमच्या इमारतीत राहायला आले. बायको आधीच गेलेली. आपलं पिठलं-भाकरी आपणच करतात आणि आमच्याकडे येऊन माझ्या पिठल्याला नावं ठेवतात.

पण अण्णांचं खरं नाव आहे ते सोयरिकी जुळवण्यात. तालुक्यातली निम्मी लग्नं आपणच लावली, असं ते सांगतात. मुलगा बघायचा नाही, पत्रिका बघायची नाही. काहीतरी निमित्त काढून, न सांगता त्या घरी जाऊन धडकायचं. आधी मागे जाऊन गोठा बघायचा आणि मग ताक मागायचं.

"ताई, माणूस खोटं बोलतो. गोठा नाय बोलत. आन ताकावरनं घरातल्या बाईचा हात कळतो."

पाणचट ताक मिळालं म्हणून त्यांनी एका इंजिनिअरचं स्थळ उडवून लावलं होतं. पाहुण्याच्या ताकात पाणी घालणारी माणसं सुनेच्या सुखातही घालतील, असा त्यांचा हिशेब.

आणि अशा माणसाच्या मुलीने बापाला न विचारता लग्न केलं. अश्विनी वाईनचं शिक्षण घ्यायला इटलीला गेली आणि तिथल्याच एका द्राक्षबागवाल्याच्या मुलाशी, मार्कोशी, लग्न करून मोकळी झाली. अण्णा गेले नाहीत. "त्या घराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाय," असं त्यांनी घरादाराला बजावलं. सगळ्यांनी ते पाळलं. पुढे राग निवला, पण तोवर विचारायची वेळ निघून गेली होती. आता दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तो आम्हालाही ऐकू येतो, कारण अण्णा फोनवर बांधावरून हाक मारल्यासारखे बोलतात.

"डावणी आली का तिकडं?"

"यंदा नाही, अण्णा. भुरी आहे थोडी."

"गंधक मार."

"मारलं."

"बरं. ठिवू?"

झालं बोलणं. द्राक्षांवरचे सगळे रोग विचारून होतात, पण तू कशी आहेस, हे विचारलं जात नाही. ज्याने आपणच सगळ्यांची तोंडं बंद केली, त्याने आता कोणत्या तोंडाने विचारायचं?

म्हणून मग ही बाटली. सासरच्या बागेतली वाईन अश्विनी दर हिवाळ्यात कुणी इकडे येणारं असलं की पाठवते. व्हेर्दिक्यो तिचं नाव, म्हणजे तिकडच्या एका पांढऱ्या द्राक्षाचंच नाव. गोठा बघता येत नाही, ताक मागता येत नाही, तेव्हा अण्णांनी या वाईनवरूनच त्या घराची चौकशी आरंभली. थुंकायचं कारणही मला एकदा कळलं.

"आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाय, ताई. नातवंड होईस्तोवर."

चव घेतली तर चालते, घोट उतरलेला चालत नाही. हा बारकावा कोणत्या शास्त्रात आहे ते अण्णाच जाणोत.

उरलेली बाटली फेकणं पाप, म्हणून ती आमच्याकडे येते. आम्ही ते पाप टाळतो. त्यामुळे या वाईनच्या स्वभावाची मला आता बऱ्यापैकी माहिती झाली आहे. पहिल्या भेटीत ती जवळीक म्हणून दाखवत नाही. रंग फिका, त्यात किंचित हिरवट झाक. वास लिंबाच्या सालीचा. गोडवा शोधायला जाल तर सापडत नाही. "साखर विसरलेलं सरबत," असं म्हणून प्रमोदने पहिल्या दिवशी ग्लास बाजूला सारला होता. पण दुसऱ्या घोटाला जीभ जागी होते, तोंडाला पाणी सुटतं आणि काहीतरी खायला हवं असं वाटू लागतं. मिसळीपुढे ती बिचारी हरवूनच गेली. शेवभाजीने तर तिचा अपमान केला. कोथिंबिरीच्या वडीशी मात्र तिचं इतकं छान जमलं की ताट केव्हा रिकामं झालं ते आम्हाला कळलं नाही. आणि घोट गिळून सगळं संपलं असं वाटतं तेव्हा मागून हळूच एक कडवटपणा येतो. बदाम खाताना एखादा कडू निघावा तेवढाच. मला तर ती त्यामुळेच आवडायला लागली. लाघवी माणसांचा मला तसाही कंटाळा येतो.

अण्णांना मात्र त्या कडवटपणाने घोर लावला.

"शेवटाला कडू लागतंय, ताई. सासू कडक असणार."

मला हसू आवरेना. "अहो अण्णा, वाईनवरून सासू कशी कळेल?"

"ताकावरनं कळती, मग यावरनं का नाय? सुरवातीला कसं सभ्य, थंड. पाव्हणा उठला की मागनं कडू. असली घरं मी लय बघितली."

पुढच्या हिवाळ्यातली बाटलीही कडवटच निघाली. अण्णांचं जेवण कमी झालं. माझ्या पिठल्याला नावं ठेवणंसुद्धा बंद झालं, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. एक दिवस ते गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत जाऊन आले. तिथल्या पोराने दिलेली पांढरी वाईन रीतसर घोळवून, थुंकून, त्यांनी विचारलं, "यात कडू कुठंय?" तो म्हणाला, "आमच्याकडे कडू नसते, सर." संपलं! म्हणजे कडूपणा त्या घरातलाच. प्रमोदने इंटरनेटवरून वाचून दाखवलं, की ही जातच अशी, शेवटी बदामासारखी कडसर लागणारी. अण्णांनी त्याला एकच विचारलं, "बदाम घातलेत का त्यात?" नाही म्हटल्यावर विषय मिटला.

"सरळ तिलाच विचारा ना," मी वैतागून म्हटलं.

"काय विचारू? सासू छळती का म्हणून? इतक्या वर्षांनी?"

एवढं बोलून ते जास्वंदीकडे बघत बसले. मला त्यांचा रागही आला आणि जीवही तुटला.

गेल्या फेब्रुवारीत अश्विनी आली. मार्को तिकडे छाटणीत अडकलेला, म्हणून सोबत सासरे आले होते. सासूबाई नव्हत्या. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, बाई साधी पाहुणी म्हणूनसुद्धा आली नाही. तरी पाहुणचारात कसूर नव्हती. व्याह्यांना टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला. टोपी त्यांना लहान होत होती, पण त्यांनी ती काढली नाही. अण्णांनी हळूच त्यांचे हात बघून घेतले. बोटांना भेगा होत्या. तेवढी एक गोष्ट अण्णांना पटलेली दिसली.

मग व्याह्यांनी बाटली काढली. अण्णांच्या घरात स्टीलचेच ग्लास, त्यांतच ओतली. आपला ग्लास उंच धरून ते काहीतरी छानसं बोलले आणि प्यायले. अण्णांनीही तोंडात घोट घेतला आणि सवयीने कुंडीकडे वळले, तर गॅलरीच्या दारात पाहुण्यांच्या बॅगा आणि समोर हसऱ्या चेहऱ्याने व्याही. थुंकणार कुठे? गाल फुगवून अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे पाहिलं.

व्याही बोलत होते आणि अश्विनी लाजत लाजत मराठीत सांगत होती.

"म्हणतात, मार्कोची आई गेली आणि बाग विकायचं ठरलं होतं. आमच्या लग्नाआधीच गेल्या त्या, अण्णा. म्हणतात, या पोरीने येऊन बाग विकू दिली नाही. वाईनसुद्धा आता हीच करते. मी हिला सांगतो, द्राक्षं दाबताना हात जरा हलका ठेव, कडवटपणा कमी होईल, लोकांना आवडेल. तर ऐकत नाही. म्हणते, तो काढला तर ही वाईन आपली कशी?"

अण्णांच्या घशातून मोठा आवाज आला. घोट खाली गेला होता. ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

"ऐकत नाय?" ते व्याह्यांना म्हणाले. "अहो, ती कुणाचंच ऐकत नाय. माझं तरी कुठं ऐकलं?"

यातलं अक्षरही न कळता व्याह्यांनी जोरजोरात मान डोलावली. अण्णा हसले आणि हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेले. ठसका लागला असेल म्हणून मी मागोमाग गेले. ते ओट्याला धरून उभे होते.

"सासूच नव्हती ओ, ताई. मी आपला तिला शिव्या देत बसलो. घरात बाईमाणूस नाय, बाग विकायला काढलेली, आन माझी पोरगी एकटी समदं रेटत होती. आन मी काय विचारत होतो तिला? डावणी आली का!"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. शर्टाच्या बाहीने डोळे पुसून ते बाहेर गेले आणि अश्विनीसमोर जाऊन उभे राहिले. आवाज इतका खाली गेला होता की मला दारातून जेमतेम ऐकू आला.

"आशू, दमती का गं तिकडं?"

सासऱ्यांनी काय झालं म्हणून तिच्याकडे पाहिलं, पण इतका वेळ दोन भाषांत भराभर बोलणाऱ्या त्या मुलीने हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

"लय दमते ओ, अण्णा," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.