पेटीवरची सातवी

साहेबांनी पेटीच्या बाजूवर छापलेले लढवय्ये बोटाने मोजले. सात भरले. खेळात सहाच होते.

"एमेट, ही निळ्या झग्यातली कोण?"

एमेट वाकून बघू लागला. ब्याण्णव साली शिकागोच्या त्या कारखान्यात नाणं टाकून खेळायची मारामारीची यंत्रं बनत, आणि त्यांच्या पेट्यांवरची चित्रं तो काढे. ब्रश हातात आला की त्याची तंद्री लागे. मग खिडकीतली नदी, गाड्यांचे आवाज, जेवणाची सुट्टी, सगळं कुठल्या कुठे विरून जाई. अशाच एका तंद्रीत, राक्षस आणि पहिलवान यांच्यामधल्या मोकळ्या जागेत छापखान्यातली डोलोरेस उतरली होती. बाह्या सरसावलेली, हसरी, एक मूठ उगारलेली.

"कुणी नाही, साहेब."

"कुणी नाही? पोरं हिला खेळात शोधतील आणि सापडली नाही की यंत्राला लाथा घालतील! शुक्रवारी दोनशे पेट्या जायच्यात. छापखान्यात जा आणि हिला पुसून घे. नाहीतर तूही येऊ नकोस."

पुसायला एमेटची ना नव्हती. पंचाईत एवढीच, की छापखान्यात जाळीच्या पडद्यावरून रंग ओढून ही चित्रं छापायचं काम डोलोरेसच करायची. 'कशा आहात' आणि 'निळा जरा गडद हवा' यापलीकडे दोन वर्षांत तो तिच्याशी अक्षर बोलला नव्हता. आणि आता तिलाच सांगायचं, बाई गं, स्वतःला पुसून टाक! इकडे आड, तिकडे विहीर. नदीकाठाने तो इतका सावकाश चालला की बदकंसुद्धा पुढे निघून गेली.

डोलोरेस हात पुसत बाहेर आली. मागे तिचीच चाळीस चित्रं वाळत होती.

"एक... एक बाई जास्त झालीय," एमेट म्हणाला.

"कुठली रे?"

"निळी."

"असं होय! तीन दिवस सगळा छापखाना मला 'काय पहिलवान' म्हणून चिडवतोय. कोण आहे ती?"

एमेट स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "साहेब म्हणतात, ती खेळात नाही."

"आणि तू काय म्हणतोस?"

ओठांवर आलेलं त्याने गिळून टाकलं. डोलोरेसने खांदे उडवले.

"बरं. पुसते. जा तू."

परतताना एमेटला रस्ताभर रडू येत होतं.

शुक्रवारी पेट्यांच्या छापलेल्या फळ्या आल्या. साहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि एकदम ओरडले, "अरे, अजून सातच आहेत!"

निळी बाई गेली होती. तिच्या जागी एक किडकिडीत बुवा उभा होता. शर्टाला रंगाचे डाग, डोळे अर्धवट मिटलेले, हत्यार म्हणून हातात ब्रश. एमेटच्या डाव्या कानाखालचा तीळसुद्धा जागच्या जागी. आपल्याकडे कुणी इतकं निरखून बघत असेल, हे एमेटला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"आता हा झोपाळू कोण? पुसून आण ह्याला, आत्ताच्या आत्ता!"

"नाही, साहेब," एमेटने खुंटीवरचा कोट काढला. "ह्याला हात लावायचा नाही. नोकरी घ्या हवी तर. मला छापखान्यात जायचंय. आधीच दोन वर्षं उशीर झालाय."