नाव काढायला आलेली माणसं

मेघाचं खातं बंद करू, अशी ताकीद ती जिच्यामार्फत जाहिरातीचे मेल पाठवायची त्या कंपनीनं दिली, तेव्हा दिवाळी महिन्यावर आली होती. सासूबाई मालनबाईंच्या हातचा येसर मसाला आणि कारळाची चटणी ती ऑनलाइन विकायची. सगळा धंदा मेलवर चालायचा. चूक तिचीच होती. बचत गटाच्या प्रदर्शनात ज्यांनी चिठ्ठीवर ई-मेल लिहून दिला होता, त्या सगळ्यांना ती न विचारता जाहिराती धाडत होती. लोकांनी वैतागून ‘स्पॅम’चं बटण दाबलं होतं.

यापुढं प्रत्येक मेलखाली यादीतून नाव काढून घ्यायची लिंक हवी आणि धंद्याचा खरा पत्ता हवा, असा नियम होता.

“पत्ता कुठला टाकू?” तिनं वाळूजहून शिफ्ट संपवून आलेल्या नवऱ्याला विचारलं.

“दुसरा कुठलाय आपल्याकडं? घरचाच टाक,” इंद्रजीत म्हणाला.

औरंगपुऱ्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा पत्ता मेलखाली गेला. लिंक कुणीच दाबली नाही. अनोळखी लिंक दाबली की बँकेतलं खातं साफ होतं, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोकांनी सरळ पत्ता वाचला.

पहिले आले खुलताबादचे बन्सीकाका, निवृत्त पोस्टमास्तर. दारात धापा टाकत म्हणाले, “माझं नाव काढा.”

“कशातून?” मालनबाईंनी विचारलं.

“मेलमधून. रोज येतोय.”

“काढू की. पर घाट उतरून आलाव, आधी जेवा. दारी आलेलं माणूस उपाशी जात नसतं.”

काकांनी येसराची आमटी दोनदा वाढून घेतली. ते जेवत असतानाच मेघानं लॅपटॉप आणून त्यांच्या डोळ्यांदेखत नाव काढलं. तिला वाटलं, धंद्याची एक वीट निखळली. काकांनी हात धुतला आणि हळूच विचारलं, “ह्या आमटीचा मसाला इकत मिळंल का?”

“त्याचाच मेल येत होता, काका.”

“असं व्हय. मी खालचा पत्ता तेवढा वाचला, वरचं कधी वाचलंच नाय.” दोन पुडे घेऊन ते गेले.

ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली असावी. मग माणसं येतच राहिली. बहुतेक जण नेमके जेवणाच्या वेळेला यायचे, पोटभर जेवायचे, गंभीर चेहऱ्यानं नाव काढून घ्यायचे आणि मसाला न्यायचे. मेघा एकेक नाव काढत यादी लहान होताना बघायची. मालनबाई भाकरी थापून थकल्या, पण डबे रिकामे होत गेले.

दिवाळीच्या आधी कंपनीचा निरोप आला: तक्रारी थांबल्या, खातं चालू राहील. मेघा सणाचा मेल लिहायला बसली.

“त्यात घाल,” मालनबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, “दुपारचं कुणी येऊ नका म्हणावं. माझा लई दिवस डोळा लागंना.”

“कुणाला लिहू, आत्याबाई? सगळे नाव काढून गेले. यादीत कुणीच नाही.”

मालनबाई भिंत सोडून सरळ बसल्या.

“मग उद्यापासून ताट वाढायच्या आधी ज्याचं त्याचं नाव घालून घेत जा,” त्या म्हणाल्या. “पर इचारून घाल.”