युसूफचाचांची रांग

दुकानात एकच गिऱ्हाईक उभं असलं तरी युसूफचाचा विचारायचे, "शेवटचा कोण?" तो बिचारा इकडेतिकडे बघून "मीच की" म्हणायचा. "मग तुमच्या मागे मी," असं जाहीर करून चाचा हातभर अंतर सोडून उभे राहायचे. भाचीच्या लग्नात घरचेच यजमान, तरी ताट घेऊन बिर्याणीच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी. कोणी नवरदेवाला पुढे घेतलं, तर म्हणाले, "त्याचं लग्न लागलंय. नंबर नाही लागला."

खडकीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. एकदा रॉकेलच्या रांगेत एक निवृत्त सुभेदार मध्येच घुसले. "मी मिलिटरीतला आहे," म्हणाले. "मग रांग शिकवायची गरज नाही," म्हणत चाचांनी त्यांचा डबा उचलून मागे नेऊन ठेवला. परसात तीन मांजरं यायची. काल ज्याला आधी दूध, त्याला आज शेवटी. "नाहीतर त्यातलंच एखादं सारंग होईल," म्हणायचे.

सारंग म्हणजे काय, ते मला लहानपणी त्यांनीच सांगितलं. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, तरुणपणी मुंबईहून बोटीवर जाणारे खलाशी. धक्क्यावर माणसं निवडायचा तो सारंग. त्याचे हात ओले करील त्याला बोट, बाकीचे सहा-सहा महिने फुटपाथवर. चाचांची युनियन लाल बावट्याची. मागणी एकच: भरती वहीप्रमाणे करा. जो आधी बोटीवरून उतरला, तो आधी चढेल. त्यासाठी भरलेली बोट आठ दिवस धक्क्याला उभी राहिली, एकही खलाशी चढला नाही. चाचा तुरुंगात जाऊन आले. पुढे वही सुरू झाली, पण कप्तानाने त्यांच्या दाखल्यावर वाईट शेरा मारला होता. नव्या वहीत त्यांचंच नाव घेतलं नाही.

"वाईट नाही वाटलं, चाचा?"

"वही आली ना!" एवढंच म्हणायचे. मग सासुरवाडीला, खडकीला आले आणि जन्मभर सायकली दुरुस्त करत राहिले.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं टाळलं.

मी एका मोठ्या इस्पितळात कारकून होतो, तेव्हा हंगामी. ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची वही माझ्याकडे असायची. चाचींच्या हृदयाची झडप खराब झाली, तेव्हा त्यांचं नाव मीच लिहिलं. सातवा नंबर. मी आपणहून म्हणालो, "चाचा, बघू का जरा वर सरकवता येतं का?" ते इतके संतापले की दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरुण, वही तुझ्याकडे आहे, म्हणून मला झोप लागते."

चाचींचा नंबर पहिला आला. बुधवारी ऑपरेशन. सोमवारी साहेबांनी बोलावलं. एका कंत्राटदाराचा मेव्हणा ऑपरेशनसाठी थांबलेला होता, नंबर बराच खालचा. साहेब रागावले नाहीत, धमकीही दिली नाही. "बघा जरा," एवढंच म्हणाले. मी बघितलं. पान फाडलं, नवं लिहिलं. चाचींना पुढच्या बुधवारची तारीख दिली.

चाची रविवारी गेल्या.

मातीला आलेल्या प्रत्येकाला चाचा सांगत होते, "अन्याय नाही झाला हो. नंबराप्रमाणेच चाललं होतं. तिच्याकडे वेळ कमी होता." मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू रडू नकोस रे. तुझा काय दोष?" पुढच्या महिन्यात मी नोकरीत कायम झालो.

याला वीस-बावीस वर्षं झाली. चाचा आता एकटे आहेत, डोळ्यांनी अधू. रोज संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो, आणि रोज वाटायचं, आज सांगू. गेल्या महिन्यात कुठल्याशा भरतीतल्या वशिलेबाजीची बातमी आली. चाचा म्हणाले, "सगळीकडे असे नसतात. तू होतास की." मग माझ्याने पुढे वाचवेना. सांगून टाकलं. पानाचं, साहेबांचं, कायम झाल्याचं, सगळं.

चाचांनी विचारलं, "तो वाचला?"

"हो. बाजारात दिसतो कधीकधी."

"मुलंबाळं?"

"दोन मुली. धाकटीचं लग्न झालं परवा."

चाचांनी हाताने चाचपत चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"त्याला सांगू नकोस हे," म्हणाले. "उगाच जिवाला लागेल त्याच्या."

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी मी पेपर घेऊन गेलो. चाचांनी पावलं ओळखली. उठले, स्वतः खुर्ची पुढे केली. मी दोन वर्षांचा असल्यापासून जे माझ्याशी कधी 'अरे-तुरे'शिवाय बोलले नव्हते, ते म्हणाले, "या, बसा आपण."